परत न आलेल्यांची हजेरी

(शाळेच्या १९७५ च्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितले, "तू हवाई दलात होतास, तेव्हा वीस मिनिटे विमानांवर बोल." बोलतो. पण आधी एक खुलासा. गावात हवाई दल म्हटले की लोकांना फक्त पायलट आठवतो. मी पायलट नव्हतो. मी वीस वर्षे जमिनीवरची नोकरी केली. विमानाच्या तोफा साफ करणे, त्यात गोळ्यांचे पट्टे भरणे, बॉम्ब आणि रॉकेट लावणे, हे आमचे काम. विमान धावपट्टीवरून सुटले की आमचे हात रिकामे होतात आणि मग एकच काम उरते, वाट पाहणे. किती गेली ते मोजायचे आणि किती आली ते मोजायचे. शांततेच्या काळातल्या सरावातही ही मोजणी सुटत नाही. युद्ध मी स्वतः पाहिलेले नाही, पण ज्यांनी १९६५ मध्ये ही मोजणी केली होती, अशा जुन्या मंडळींच्या हाताखाली मी काम शिकलो.

२०२५ मध्ये 'स्काय फोर्स' नावाचा हिंदी सिनेमा येऊन गेला. तुमच्यापैकी अनेकांनी नातवंडांबरोबर पाहिला असेल. सिनेमात नावे बदलली आहेत, प्रसंग रंगवले आहेत. सिनेमाला ते करावेच लागते. पण त्याच्या मुळाशी एक खरा माणूस आहे. त्याच्याविषयी आणि त्याच्याबरोबर परत न आलेल्या आणखी तिघांविषयी मला आज बोलायचे आहे. चौघेही स्क्वाड्रन लीडर होते. ६ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ ते ७ सप्टेंबरची सकाळ, एवढ्या एका रात्रीच्या दोन्ही काठांवर हे चौघे गेले. तीन आपले आणि एक पाकिस्तानचा.

स्क्वाड्रन लीडर म्हणजे कोण, ते आधी सांगतो. हा हुद्दा लष्करातल्या मेजरच्या बरोबरीचा. आपल्याकडे अख्खी स्क्वाड्रन बहुधा विंग कमांडरच्या हाती असते. स्क्वाड्रन लीडर हा त्याच्या खालचा अनुभवी माणूस. वय तीस-बत्तीस. घरी लहान मुले. नवे वैमानिक ज्याच्याकडे पाहून शिकतात तो. शाळेच्या भाषेत सांगायचे तर मुख्याध्यापक नव्हे, वर्गशिक्षक. पाकिस्तानी हवाई दलात मात्र त्या काळी स्क्वाड्रन लीडरकडे सबंध स्क्वाड्रन असे.

त्या सप्टेंबरात आपण पहिली-दुसरीत होतो. शास्त्रीजींच्या सांगण्यावरून घरोघर सोमवारी रात्री चूल पेटत नसे, एवढे आपल्याला आठवते. संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले, आणि त्या दुपारी हवाई दल वापरायला यशवंतरावांनी परवानगी दिली. पठाणकोटहून संध्याकाळच्या उजेडात आपली व्हॅम्पायर विमाने उडाली. ती आधीच्या पिढीची विमाने. त्यांतली चार त्या एका संध्याकाळी पडली. ६ तारखेला आपले सैन्य लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून गेले आणि युद्ध पंजाबभर पसरले.

आता ६ तारखेची संध्याकाळ. हलवारा तळावरून सात नंबरच्या स्क्वाड्रनची चार हंटर विमाने निघाली होती. त्यात स्क्वाड्रन लीडर ए. के. रावली होते, मित्रांमध्ये पीटर. तरनतारनजवळ त्यांची गाठ आदमपूरवर हल्ला करायला निघालेल्या पाकिस्तानी सेबर विमानांशी पडली. दोन्ही बाजू जमिनीला चिकटून उडत होत्या. एवढ्या खाली झटापट झाली की चुकायला जागाच नसते; वैमानिकाला छत्री उघडायलाही उंची मिळत नाही. रावली तिथेच गेले.

त्याच संध्याकाळी अंधार पडता पडता तीन सेबर विमाने खुद्द हलवाऱ्यावर आली. त्यांचे नेते होते स्क्वाड्रन लीडर सरफराज रफीकी, पाकिस्तानच्या पाच नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख. जन्म राजशाहीचा, वय तीस. तळावर गस्त घालत होती आपली दोन हंटर विमाने. एकात फ्लाइंग ऑफिसर पी. एस. पिंगळे, दुसऱ्यात फ्लाइंग ऑफिसर ए. आर. गांधी. ही दोन्ही विमाने पडली, दोघेही वैमानिक छत्रीने सुखरूप उतरले. पण त्या धुमश्चक्रीत रफीकींच्या तोफा बंद पडल्या.

तोफा बंद पडणे म्हणजे काय, हे सांगायचा अधिकार मला आहे. पट्टा तिरका बसला, रिकामे कवच अडकले, किंवा विजेची तार सुटली, तर ट्रिगर दाबून काही उपयोग नसतो. वैमानिकाला तोफ हाताने मोकळी करता येत नाही. अशा वेळी विमान वळवून घरी नेले तर कोणी दोष देत नाही. रफीकींनी नेतृत्व आपल्या साथीदाराकडे, सेसिल चौधरींकडे दिले आणि स्वतः मागे राहून त्यांची पाठ राखत राहिले, हातात काही नसताना. तेवढ्यात आपले राठोड आणि नेब ही जोडी हंटर घेऊन आली. तीनपैकी दोन सेबर पडली. रफीकी आणि युनूस हुसेन गेले. सेसिल चौधरी एकटे परतले. रफीकींनी शेवटी काय केले ते जगाला कळले, कारण सांगायला एक माणूस परत गेला. हे सेसिल चौधरी नंतर लाहोरच्या ज्या सेंट अँथनी शाळेत शिकले होते, तिथेच मुख्याध्यापक झाले. शाळेच्या समारंभात हे सांगावेसे वाटले. आणि आपले पिंगळे दहाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पुन्हा हंटरमध्ये होते. त्या दिवशी त्यांनी एक सेबर पाडले आणि वीरचक्र मिळवले.

आता ७ सप्टेंबरची पहाट. आदमपूर तळ. एक नंबरच्या स्क्वाड्रनला हुकूम मिळाला होता सरगोध्यावर हल्ल्याचा. सरगोधा म्हणजे पाकिस्तानी हवाई दलाचे हृदय. विमाने होती फ्रेंच बनावटीची मिस्टिअर. सरगोधा त्यांच्या पल्ल्याच्या जवळजवळ शेवटच्या टोकाला. मिस्टिअरने तिथे जायचे, काही मिनिटांत बॉम्ब आणि रॉकेट टाकायचे आणि परत फिरायचे, एवढाच हिशेब इंधनात बसत होता. वाट दाखवायला होकायंत्र, नकाशा आणि हातातले घड्याळ. विंग कमांडर ओ. पी. तनेजांच्या नेतृत्वाखाली बारा विमानांची योजना होती. स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या होते राखीव.

देवय्या कोडगूचे, म्हणजे कुर्गचे. जन्म २४ डिसेंबर १९३२. हाडाचे शिक्षक, नव्या वैमानिकांना उडायला शिकवणे हे त्यांचे काम. युद्धाच्या तोंडावर ते एक नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये आले होते. राखीव माणसाने इंजिन सुरू करून तयार राहायचे. कोणाचे विमान बिघडले तर त्याची जागा घ्यायची, नाही तर इंजिन बंद करून खाली उतरायचे. त्या पहाटे एक विमान गळले आणि देवय्या गेले.

हल्ला झाला, विमाने परत फिरली. मागाहून एक पाकिस्तानी स्टारफायटर आले. आवाजाच्या दुप्पट वेग असलेले, त्या काळातले सर्वांत धाकाचे विमान. त्यात होते फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन. त्यांनी देवय्यांच्या मिस्टिअरवर मारा केला. विमान जखमी झाले, पण पडले नाही. अमजद पुढच्या भक्ष्याकडे वळले. आणि ते जखमी मिस्टिअर उलटून त्यांच्यावर आले.

वेगात मिस्टिअरने स्टारफायटरला गाठणे अशक्य. पण स्टारफायटरचे पंख अगदी आखूड. सरळ रेषेत ते बाणासारखे जाई, वळताना मात्र त्याचा वेग मरे. वळणाच्या झटापटीत मिस्टिअरला संधी होती, आणि देवय्यांनी ती घेतली. आता इंधनाचा हिशेब आठवा. परतीपुरतेच इंधन असताना लढायला वळणे म्हणजे परतीवर पाणी सोडणे. वर्षानुवर्षे मुलांना इंधनाचे गणित शिकवणाऱ्या माणसाला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या गोळ्या लागल्या. स्टारफायटर पडले, अमजद छत्रीने वाचले. देवय्या मात्र परत आले नाहीत. त्यांना तिकडच्या गावकऱ्यांनी मातीत ठेवले.

हे सगळे मी तुम्हाला आज सलग सांगतो आहे. पण ७ सप्टेंबर १९६५ च्या सकाळी आदमपूरला यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. रेडिओ बंद ठेवून, जमिनीलगत, अर्धवट उजेडात उडणाऱ्या विमानांना एकमेकांची पाठ दिसत नाही. बाकीची मिस्टिअर उतरली. जमिनीवरच्या माणसांनी मोजली. एक कमी. कागदावर एक शब्द आला, बेपत्ता.

त्याच सकाळी थोड्या वेळाने हलवाऱ्याहून सात नंबरची पाच हंटर विमाने सरगोध्याकडे गेली. त्यात होते स्क्वाड्रन लीडर एस. बी. भागवत. आदल्या संध्याकाळी याच स्क्वाड्रनने रावलींना गमावले होते. सरगोध्याजवळ स्क्वाड्रन लीडर एम. एम. आलम यांचे सेबर त्यांच्या मागे लागले. भागवत आणि फ्लाइंग ऑफिसर ब्रार परतले नाहीत. पाकिस्तानने जाहीर केले, आलम यांनी एका मिनिटात पाच हंटर पाडली. हा आकडा तिकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ झाला. आपल्या नोंदीत त्या तुकडीतली दोन नावे आहेत, भागवत आणि ब्रार. आकड्यांची भांडणे दोन्हीकडचे लोक साठ वर्षे करत आले आहेत आणि ती इतिहासकारांनी खुशाल करावीत. मला एवढेच दिसते की त्या पाचाच्या आकड्याच्या गाजावाजात भागवत आणि ब्रार ही माणसे आपल्याकडेही मागे पडली. भागवत हे आडनाव आपल्या प्रत्येक वर्गाच्या हजेरीपटात सापडेल. तरी या सभागृहात आज किती जणांनी हे नाव या संदर्भात आधी ऐकले होते? हात वर करू नका, मला ठाऊक आहे.

आता देवय्यांकडे परत येतो, कारण माझे खरे सांगणे इथे आहे.

चौदा वर्षे गेली. १९७९ मध्ये जॉन फ्रिकर या ब्रिटिश लेखकाचे 'बॅटल फॉर पाकिस्तान' हे पुस्तक आले. पाकिस्तानी हवाई दलाने त्यांना आपली माहिती खुली केली होती. म्हणजे पुस्तक तिकडच्या बाजूने लिहिलेले. त्यात ७ सप्टेंबरच्या सकाळी आपले एक स्टारफायटर एका मिस्टिअरशी झालेल्या झटापटीत पडले, असे आले. भारतात ते वाचले गेले आणि साधा प्रश्न उभा राहिला, ते मिस्टिअर कोणाचे? त्या सकाळच्या हल्ल्यातली बाकीची मिस्टिअर परत आली होती. त्यांतल्या कोणी स्टारफायटर पाडल्याचे सांगितले नव्हते. उरले एकच नाव. वजाबाकीचे गणित, तिसरीतल्या मुलालाही सुटेल असे. पण ते मांडायला चौदा वर्षे लागली, कारण त्यातली एक संख्या शत्रूच्या वहीत होती.

त्यानंतर हवाई दलाने चौकशी केली, कागद जुळवले. १९८८ मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी, देवय्यांना मरणोत्तर महावीरचक्र जाहीर झाले आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारले. आज मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक आहे.

मित्रहो, महावीरचक्र मिळाले हा आनंद आहेच. पण त्या तेवीस वर्षांचा विचार करा. शौर्य ७ सप्टेंबरलाच पुरे झाले होते, त्यात नंतर काही भर पडली नाही. कमी होती ती फक्त माहिती. देवय्यांच्या घरी मुली मोठ्या झाल्या, शाळा-कॉलेज झाले. वडील कसे गेले याचे उत्तर त्यांना नव्हते. 'बेपत्ता' हा शब्द घरात कुठे ठेवायचा, तेच कळत नाही. मृत्यूची बातमी आली तर माणूस रडतो, दिवस करतो, फोटोला हार घालतो. बेपत्ता माणसाच्या फोटोला हार घालायला हात धजत नाही.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे. ते स्क्वाड्रन लीडर नव्हते, युद्धही १९७१ चे. पण त्यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ५ डिसेंबर १९७१ ला ते पाकिस्तानवरच्या मोहिमेतून परत आले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे देशाच्या बॅडमिंटनमधल्या विजेत्या खेळाडू. लग्नाला फार काळ झाला नव्हता. तांबे कैदेत असल्याची आशा त्यांनी सोडली नाही. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांमध्ये शोध घ्यायला गेले, तेव्हा दमयंतीताईही होत्या. मधली छत्तीस वर्षे. त्या काळात आपण शाळा संपवली, नोकऱ्या केल्या, मुलांची लग्ने केली.

म्हणून मला 'शहीद अमर रहे' या घोषणेपेक्षा एक रुक्ष गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नाव, तारीख, ठिकाण, बरोबर कोण होते, शेवटचे कोणी पाहिले. एवढी पाच-सहा रकान्यांची नोंद. देवय्यांना न्याय मिळाला तो भाषणांनी नाही. शत्रूच्या बाजूच्या एका पुस्तकाने आणि आपल्या बाजूच्या नीट ठेवलेल्या नोंदीने मिळाला. त्या सकाळी कोण गेले आणि कोण आले, ही यादी आपल्याकडे जपलेली नसती तर वजाबाकी कशी केली असती?

रफीकींचे नाव मी मुद्दाम घेतले. शत्रूच्या माणसाचे कौतुक इथे कशाला, असे कोणाला वाटले असेल. पाकिस्तानने त्यांना हिलाल-ए-जुर्रत दिला, एका तळाला त्यांचे नाव दिले. आपल्या देवय्यांची गोष्ट पूर्ण व्हायला तिकडच्या लोकांनी खरे सांगावे लागले. तेव्हा तिकडच्या माणसाविषयी खरे सांगायची वेळ आली तर आपणही हात आखडता घेऊ नये. त्याने रावली, देवय्या, भागवत तसूभरही लहान होत नाहीत.

आता आपल्या शाळेकडे. या शाळेने किती मुले सैन्यात धाडली? आपल्या तुकडीतली आपण बोटांवर मोजू. आपल्या आधीची? नंतरची? त्यांतले कोण परत आले नाही? कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरात जन्मतारीख आणि दाखला नेल्याची तारीख मिळेल. पुढचे काही मिळणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे ते सत्तरीच्या आसपास आहेत, आणि काही व्यासपीठावर नव्वदीकडे झुकलेले बसले आहेत. आपले सर मुलगा सलग तीन दिवस आला नाही की हजेरीपटात नुसता 'गै' लिहून थांबत नसत. गल्लीतल्या एखाद्याला त्याच्या घरी पाठवत, "जा रे, काय झालंय ते बघून ये." मला तेवढेच करायचे आहे.

माझा प्रस्ताव साधा आहे. शाळेच्या ग्रंथालयात एक जाड, शिवलेली वही ठेवू. या शाळेतून जो कोणी सैन्यदलात गेला, त्याचे एक पान. जवान असो, वायुसैनिक असो, नाविक असो की अधिकारी. जिवंत असो की गेलेला. जो लढाईत गेला त्याच्या पानावर त्याच्या घरी जाऊन, त्याच्या पलटणीतल्या माणसाला भेटून, मिळेल तेवढे खरे लिहू. ऐकीव असेल तर 'ऐकीव' असे लिहू. फुगवायचे काही नाही. जिथे माहिती नाही तो रकाना कोरा सोडू, म्हणजे पुढचा कोणी तो भरील. कोऱ्या रकान्याला घाबरू नका. देवय्यांचा रकाना तेवीस वर्षे कोरा होता. पण तो राखलेला होता, म्हणून भरता आला.

वही मी आणली आहे. पहिल्या पाच पानांवर मला ठाऊक असलेली पाच नावे लिहून आणली आहेत. जेवणाच्या मांडवात, वाढप्यांच्या डाव्या हाताला टेबलावर ती ठेवतो आहे, पेनासकट. जेवून झाले की हात धुऊन या आणि तुम्हाला आठवेल ते नाव लिहा. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी लिहून घ्यायला माझी नात बसणार आहे. अक्षर तिचे माझ्यापेक्षा बरे आहे.

दिलेली वीस मिनिटे झाली. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलेत. नववीत या वर्गाने असे कधीच कोणाला ऐकून घेतले नव्हते.